यंत्राची चाल आणि माणसाचा संशय

बुद्धिबळाच्या पटावर संगणकाने अनपेक्षित चाल केली की पाहणाऱ्यांच्या मनात दोन विचार येतात. यंत्राला आपल्या नजरेपलीकडचे काही दिसले असावे, हा एक. आणि यंत्र बिघडले असावे, हा दुसरा. या दोहोंपैकी खरे कोणते, हे केवळ पट पाहून सांगता येत नाही. बुद्धिबळ खेळणाऱ्या आज्ञावल्यांना आज सर्रास 'इंजिन' म्हटले जाते. त्यांच्यातील दोष शोधताना मुख्य अडचण हीच येते. हिशेबाच्या आज्ञावलीने बेरीज चुकवली तर ताळेबंद जुळत नाही. आरक्षणाच्या आज्ञावलीने एकच आसन दोघांना दिले तर फलाटावरच वाद उभा राहतो. बुद्धिबळाचे इंजिन मात्र चुकल्यानंतरही बहुतेक वेळा नियमात बसणारीच चाल करते आणि डाव पुढे चालू राहतो. चूक झाली आहे, याची वर्दी कोणी देत नाही.

संगणकीय बुद्धिबळाच्या इतिहासात असे तीन प्रसंग नोंदलेले आहेत, की ज्यांत संशयाची सुई आधी भलत्याच दिशेला वळली होती. पहिल्यात नव्या आज्ञावलीवर संशय घेतला गेला, पण चूक मूळ नोंदीतच होती. दुसऱ्यात ज्या चालीला बिघाड ठरवले गेले, ती उत्तम चाल निघाली. तिसऱ्यात ज्या चालीला अलौकिक बुद्धीचे लक्षण मानले गेले, ती बिघाडातून निपजली होती.

कागदावरचे यंत्र

ब्रिटिश गणितज्ञ ॲलन ट्युरिंग आणि त्यांचे सहकारी डेव्हिड चॅम्परनाऊन यांनी १९४८ मध्ये बुद्धिबळ खेळण्याची एक नियमावली तयार केली. 'ट्युरोचॅम्प' या नावाने ती ओळखली जाते. ती चालवू शकेल असा संगणक हाताशी नसल्याने ट्युरिंग यांनी १९५२ मध्ये स्वतःच संगणकाची भूमिका घेतली. मँचेस्टरमध्ये ॲलिक ग्लेनी यांच्याविरुद्ध झालेल्या डावात ते प्रत्येक चालीची आकडेमोड कागदावर करीत गेले. २९ चालींत कागदी यंत्र हरले. मात्र आज्ञावलीने खेळलेला हा डाव इतिहासात नोंदला गेला.

पुढे अनेक दशकांनंतर 'चेसबेस' या जर्मन कंपनीच्या तंत्रज्ञांनी ट्युरिंग यांचे नियम आधुनिक संगणकावर उतरवले. अपेक्षा अशी, की १९५२ चा डाव चालीगणिक जसाच्या तसा उमटावा. तसे घडले नाही. काही ठिकाणी संगणक वेगळीच चाल निवडू लागला. नवी आज्ञावली सदोष आहे, असे गृहीत धरून ती पुन्हापुन्हा तपासण्यात आली. दोष सापडला नाही. अखेरीस ट्युरिंग यांचे जुने सहकारी डोनाल्ड मिची यांच्याकडे विचारणा झाली, तेव्हा त्यांनी दोष आज्ञावलीत न शोधता ट्युरिंग यांच्यात शोधण्याचा सल्ला दिला. हाताने आकडेमोड करताना ट्युरिंग यांनी काही ठिकाणी आपलेच नियम काटेकोरपणे पाळले नव्हते, असा निष्कर्ष निघाला. २०१२ मध्ये ट्युरिंग जन्मशताब्दीनिमित्त मँचेस्टर येथे गॅरी कास्पारोव्ह या आज्ञावलीशी खेळले आणि १६ चालींत जिंकले.

दोषतपासणीचा पहिला धडा या प्रसंगात आहे. यंत्र चुकले, असे म्हणताना त्याची तुलना कशाशी तरी केलेली असते. ज्याच्याशी तुलना केली ते प्रमाण तरी निर्दोष आहे का, हे आधी पाहावे लागते.

टोरांटोतील हत्ती

ऑगस्ट १९७७ मध्ये कॅनडातील टोरांटो येथे संगणकांची दुसरी जागतिक बुद्धिबळ स्पर्धा भरली. १९७४ मध्ये स्टॉकहोम येथे पहिले विजेतेपद मिळवणारी सोव्हिएत आज्ञावली 'काइसा' पहिल्याच फेरीत अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाच्या 'डचेस'समोर उभी ठाकली. माजी जगज्जेते मिखाईल बोटविनिक प्रेक्षकांत उपस्थित होते.

चौतिसाव्या चालीला डचेसने वजीर ए८ वर नेऊन काळ्या राजाला शह दिला. राजा जी७ वर सरकवणे हे साधे, उघड उत्तर होते. काइसाने तसे न करता आपला हत्ती मध्ये आणला आणि तो फुकट गमावला. सभागृहात सर्वांचे मत एकच झाले: आज्ञावलीत दोष आहे. काइसा तो डाव हरली.

डाव संपल्यावर काइसालाच ती स्थिती पुन्हा देऊन राजा हलवला असता तर काय झाले असते, हे विचारण्यात आले. उत्तर सर्वांनाच चकित करणारे होते. राजा जी७ वर जाताच पांढऱ्याने एफ८ वर वजिराचा बळी दिला असता. राजाला तो वजीर मारणे भागच होते. मग उंटाचा एच६ वरून शह, त्यापाठोपाठ हत्तीचा सी८ वरून शह. काळ्याने आधी वजीर आणि नंतर हत्ती आड घातला असता तरी मात टळत नव्हती. बोटविनिक यांच्यासह सभागृहातील कोणाच्याही हे ध्यानात आले नव्हते. काइसाने ते पाहिले होते, आणि मात होण्यापेक्षा हत्ती गमावणे कमी वाईट, असा हिशेब केला होता.

म्हणजे दोष नव्हताच. तरीही एक प्रश्न उरतो. प्रतिस्पर्धी सर्वोत्तम चालच खेळेल, हे अशा आज्ञावल्यांचे मूलभूत गृहीतक असते. सभागृहातील जाणकारांना जी मात दिसली नाही, ती समोरच्या खेळाडूला दिसेलच असे नाही, हा व्यवहारी विचार काइसाला शिकवलेलाच नव्हता. जिद्दी माणसाने राजा हलवून नशिबाची परीक्षा पाहिली असती. काइसाचे वर्तन तिच्या रचनेप्रमाणे अचूक होते. त्या रचनेच्या शहाणपणाविषयी वाद घालता येईल; पण रचनेची उणीव आणि अंमलबजावणीतील चूक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

न्यूयॉर्कमधील हत्ती

वीस वर्षांनी, मे १९९७ मध्ये, न्यूयॉर्कच्या इक्विटेबल सेंटर या इमारतीत जगज्जेते गॅरी कास्पारोव्ह आणि आयबीएमचा 'डीप ब्लू' यांच्यात सहा डावांची लढत झाली. फेब्रुवारी १९९६ मध्ये फिलाडेल्फियात कास्पारोव्ह यांनी याच यंत्राच्या आधीच्या आवृत्तीला ४-२ असे हरवले होते. नव्या आवृत्तीत बुद्धिबळासाठी खास बनवलेल्या ४८० चिप होत्या आणि ती सेकंदाला सुमारे २० कोटी स्थिती तपासू शकत असे.

३ मे रोजीच्या पहिल्या डावात कास्पारोव्ह पांढरी मोहरी घेऊन खेळत होते आणि त्यांची बाजू वरचढ झाली होती. चव्वेचाळिसाव्या चालीला डीप ब्लूने हत्ती डी१ वर नेला. या चालीचा उद्देश कोणालाच उमगेना. कास्पारोव्ह यांनी पुढची चाल केली आणि यंत्राच्या वतीने डाव सोडण्यात आला.

ती चाल मात्र कास्पारोव्ह यांच्या मनातून गेली नाही. त्या रात्री त्यांच्या गोटात विश्लेषण झाले. अधिक स्वाभाविक वाटणारी दुसरी चाल केली असती तर वीसहून अधिक चालींनंतर काळ्यावर मात झाली असती, असे त्यात आढळले. ते यंत्राला आधीच दिसले असावे आणि म्हणूनच त्याने ती चाल टाळली असावी, असा तर्क करण्यात आला. काइसाची कथा माहीत असलेल्या कोणालाही हा तर्क पटण्याजोगाच होता.

वस्तुस्थिती वेगळी होती. डीप ब्लूच्या निर्मात्यांपैकी एक मरे कॅम्पबेल यांनी अमेरिकी लेखक नेट सिल्व्हर यांना तिचा उलगडा केला आणि सिल्व्हर यांच्या २०१२ च्या 'द सिग्नल अँड द नॉइज' या पुस्तकातून ती सर्वदूर पोहोचली. आज्ञावलीतील एका दोषामुळे यंत्राला त्या क्षणी चाल निवडता आली नाही. असे झाल्यास यंत्र अडकून वेळेवर हरू नये, म्हणून एक अखेरची तरतूद करून ठेवलेली होती: नियमात बसणारी कोणतीही एक चाल करून मोकळे व्हायचे. हत्ती डी१ वर गेला तो या तरतुदीने. त्यामागे योजना नव्हती आणि वीस चालींचा दूरदर्शीपणाही नव्हता. दोन डावांच्या मधल्या काळात आज्ञावलीत बदल करण्यास परवानगी होती. त्यामुळे चमूला हा दोष दूर करता आला.

दुसऱ्या डावात डीप ब्लूने छत्तिसाव्या आणि सदतिसाव्या चालींत मोहरे मारण्याचा मोह टाळून धीम्या, गळचेपी करणाऱ्या चाली केल्या. कास्पारोव्ह यांनी पंचेचाळिसाव्या चालीनंतर डाव सोडला. दुसऱ्या दिवशी विश्लेषकांनी त्या अंतिम स्थितीत सतत शह देऊन बरोबरी साधण्याचा मार्ग दाखवला, तेव्हा त्यांना मोठा धक्का बसला. पहिल्या डावातील त्या अनाकलनीय चालीने यंत्राच्या सामर्थ्याविषयी त्यांच्या मनात जो धाक निर्माण झाला, त्यामुळेच ते इतक्या लवकर खचले, असे सिल्व्हर यांचे म्हणणे आहे. हा एका लेखकाचा अन्वयार्थ आहे. मनातल्या कारणांची खात्री कोणाला देता येणार? परंतु लढतीचा निकाल डीप ब्लूच्या बाजूने साडेतीन विरुद्ध अडीच असा अवघ्या एका गुणाने लागला, हे ध्यानात घेतले तर एका दोषाचे मोल किती असू शकते, याची कल्पना येते.

दोष कशाला म्हणावे?

टोरांटो आणि न्यूयॉर्क येथील दोन हत्तींवरून एक गोष्ट स्पष्ट होते. चाल चांगली की वाईट, यावरून दोष आहे की नाही हे ठरत नाही. आज्ञावली तिच्या कर्त्यांच्या हेतूनुसार वागली की नाही, एवढाच प्रश्न असतो. म्हणून इंजिनाची एखादी चाल संशयास्पद वाटली की तपासाची पहिली पायरी म्हणजे तिची वर्गवारी करणे.

अनेक तथाकथित दोष हे प्रत्यक्षात मर्यादा असतात. इंजिन ठरावीक खोलीपर्यंतच पाहते. संकट त्या सीमेच्या पलीकडे ढकलता येत असेल, तर निरर्थक शह देऊन किंवा प्यादी गमावून ते ढकलत राहते आणि संकट टळले असे समजते. अमेरिकी संगणकतज्ज्ञ हान्स बर्लिनर यांनी १९७० च्या दशकात या वर्तनाला 'क्षितिज परिणाम' असे नाव दिले. वाऱ्यावर सोडल्यासारखे दिलेले प्यादे पाहून बिघाडाची शंका येते. पण आज्ञावली तिला सांगितले तसेच वागत असते.

दुसरे उदाहरण वेळ वाचवणाऱ्या एका युक्तीचे. आपली पाळी सोडून दिली तरी स्थिती उत्तम राहते का, असे इंजिन पाहते. राहत असेल तर त्या शाखेचा अधिक विचार करण्याची गरज नाही, असे ते मानते. बहुतेक स्थितींत हे गृहीतक खरे ठरते. परंतु डावाच्या अखेरीस अशा स्थिती येतात, की ज्यांत कोणतीही चाल केली तरी नुकसानच होते आणि स्वस्थ बसता आले असते तर बरे झाले असते. बुद्धिबळाच्या परिभाषेत याला 'झुगझ्वांग' म्हणतात. तेथे ही युक्ती फसते. म्हणूनच पटावर फक्त राजे आणि प्यादी उरली की अनेक इंजिनांत ती बंद ठेवली जाते. ती बंद ठेवण्याची सूचना लिहिलीच नसेल तर ती रचनेतील उणीव. सूचना लिहिली असूनही अमलात येत नसेल तर तो दोष.

दोष दडण्याच्या जागा

खरे दोष बहुधा ठरावीक ठिकाणी सापडतात. सर्वांत आधी नजर जाते ती कायदेशीर चालींची यादी करणाऱ्या भागावर. किल्लेकोटाचा नियमच पाहा. राजाने ओलांडायच्या घरावर शत्रूचा मारा नसावा. परंतु वजिराच्या बाजूच्या किल्लेकोटात हत्ती ओलांडतो त्या बी१ घरावर मारा असला तरी चालते. नवख्या प्रोग्रामरच्या हातून हा भेद निसटतो. मूळ घरात असलेला हत्ती मारला गेल्यानंतरही किल्लेकोटाचा हक्क शिल्लक राहणे, ही आणखी एक नेहमीची चूक.

'एन पासांत' या नियमाने तर अनेकांना घाम फोडला आहे. दोन घरे पुढे आलेले शत्रूचे प्यादे बाजूच्या प्याद्याने तिरकस जाऊन मारता येते. एकाच आडव्या रांगेत राजा, ही दोन प्यादी आणि त्यांच्या पलीकडे शत्रूचा हत्ती असेल, तर या चालीने दोन्ही प्यादी एकदम रांगेतून नाहीशी होतात आणि राजा उघडा पडतो. एरवी एका चालीत रांगेतील दोन मोहरी हटत नाहीत. त्यामुळे नेहमीच्या तपासणीत ही शक्यता सुटून जाते.

दुसरी जागा म्हणजे इंजिनाची स्मृती. एकच स्थिती वेगवेगळ्या क्रमाने येऊ शकते. तिचा विचार पुन्हापुन्हा करावा लागू नये म्हणून इंजिन तपासलेल्या स्थिती एका कोष्टकात साठवते. प्रत्येक स्थितीला एक प्रचंड आकडा दिला जातो; आज बहुतेक इंजिनांत तो ६४ बिटांचा असतो. ही पद्धत अल्बर्ट झोब्रिस्ट यांनी १९७० मध्ये मांडली. हा आकडा बनवताना पाळी कोणाची आहे किंवा किल्लेकोटाचा हक्क उरला आहे का, यांपैकी एखादी बाब राहून गेली, तर दोन भिन्न स्थिती इंजिनाला एकच वाटतात. मग एका स्थितीचा निर्णय दुसरीला लागू होतो. अशी चूक क्वचितच पटावर प्रकट होते. आणि क्वचित होणारी चूकच शोधायला सर्वांत कठीण.

तिसरी जागा बरोबरीच्या नियमांची. तीन वेळा तीच स्थिती आली किंवा मोहरे न मारता आणि प्यादे न हलवता पन्नास चाली झाल्या, तर बरोबरी मागता येते. मात्र हे त्या स्थितीच्या पूर्वेतिहासावर अवलंबून असते आणि स्मृतीच्या कोष्टकात पूर्वेतिहास नसतो. जिंकलेला डाव इंजिनाने बरोबरीत सोडला, अशा तक्रारींचे मूळ अनेकदा येथे असते.

मोजणीची कसोटी

चालींची यादी अचूक आहे की नाही, हे पाहण्यासाठी प्रोग्रामरांनी एक सुंदर कसोटी घडवली आहे. तिला 'पर्फ्ट' म्हणतात. यात इंजिनाने चांगले खेळायचे नसते, केवळ मोजायचे असते. डावाच्या आरंभी पांढऱ्याला २० चाली उपलब्ध असतात: प्याद्यांच्या १६ आणि घोड्यांच्या ४. काळ्याचे उत्तर धरले तर ४०० शक्यता होतात. तिसऱ्या पायरीला ८,९०२, चौथ्या पायरीला १,९७,२८१, पाचव्या पायरीला ४८,६५,६०९ आणि सहाव्या पायरीला ११,९०,६०,३२४. हे आकडे जगभर अनेक स्वतंत्र आज्ञावल्यांनी पडताळलेले आहेत. नव्या इंजिनाची मोजणी एकाने जरी कमी-जास्त आली तरी दोष आहे, हे निर्विवाद.

आरंभीच्या स्थितीत किल्लेकोट किंवा प्याद्याची बढती लगेच संभवत नाही. म्हणून 'किवीपीट' या नावाची एक गुंतागुंतीची स्थिती वापरली जाते. तीत पहिल्या पायरीला ४८, दुसऱ्या पायरीला २,०३९ आणि तिसऱ्या पायरीला ९७,८६२ चाली यायला हव्यात. मोजणी जुळली नाही तर पहिल्या चालीनुसार तिची फोड करायची, विश्वासार्ह इंजिनाच्या फोडीशी ताडून पाहायची, जेथे फरक दिसेल त्या फांदीवर एक पायरी खाली उतरायचे आणि पुन्हा तेच करायचे. कोट्यवधी शक्यतांच्या रानातून काही मिनिटांत एका चुकीच्या चालीपर्यंत पोहोचता येते.

स्मृतीच्या कोष्टकासाठीही अशीच एक परिचित कसोटी आहे. लास्कर आणि राइखहेल्म यांच्या नावे ओळखल्या जाणाऱ्या १९०१ च्या एका स्थितीत पटावर केवळ राजे आणि प्यादी आहेत. जिंकण्याची चाल म्हणजे ए१ वरील राजा बी१ वर नेणे. पण तिचे फळ पुष्कळ खोलवर दिसते. कोष्टक नीट चालत असेल तर इंजिन ही चाल झटकन शोधते. ते धडपडू लागले, तर तपास कोठून सुरू करावा हे कळते.

पुन्हा घडवून आणणे

प्रत्यक्ष डावातील संशयास्पद चालीचा तपास याहून अवघड असतो. त्याचा पाया म्हणजे ती चूक पुन्हा घडवून आणणे. त्यासाठी केवळ पटावरची स्थिती पुरत नाही. आधीच्या सर्व चाली, घड्याळात उरलेला वेळ, स्मृतीच्या कोष्टकाचा आकार, आज्ञावलीची नेमकी आवृत्ती आणि किती प्रोसेसर एकत्र काम करीत होते, हे सर्व हवे. अनेक प्रोसेसर एकाच वेळी विचार करतात तेव्हा कोणाचे उत्तर आधी आले, यावर पुढचा शोध अवलंबून राहतो. त्यामुळे तीच स्थिती दुसऱ्यांदा दिली तर वेगळी चाल येऊ शकते, आणि त्यात दोष असेलच असे नाही. म्हणून तपासकर्ता प्रथम एकाच प्रोसेसरवर, रिकाम्या कोष्टकासह आणि ठरावीक खोलीपर्यंत इंजिन चालवतो. चूक तेथेही आली तर काम सोपे झाले. आली नाही तर समांतर काम, कोष्टक किंवा वेळेचे नियोजन यांपैकी कशात तरी गोम आहे, असे समजून एकेक घटक परत जोडत जायचे.

जुन्या आवृत्तीत चूक नव्हती आणि नव्या आवृत्तीत आहे, असे दिसल्यास दोहोंच्या मधली आवृत्ती तपासायची, मग उरलेल्या अर्ध्याच्या मधली. मध्ये एक हजार बदल झाले असले तरी सुमारे दहा चाचण्यांत दोषी बदल हाती लागतो.

डावाची अखेर आली की आणखी एक साक्षीदार उपलब्ध होतो. पटावर मोजकीच मोहरी उरलेल्या सर्व स्थितींचे अचूक निकाल संगणकाने काढून ठेवलेले आहेत. सात मोहऱ्यांपर्यंतचे असे कोष २०१२ नंतर उपलब्ध झाले. तेथे मतभेदाला जागा नाही. या कोषांनी तर उलट माणसांच्याच चुका दाखवल्या. दोन उंट विरुद्ध एक घोडा या अंत्यपर्वात घोड्याची बाजू विशिष्ट बचावाने तगते, असे एकोणिसाव्या शतकापासून मानले जात होते. केन थॉम्प्सन यांच्या १९८० च्या दशकातील कोषाने सिद्ध केले, की उंटांची बाजू सर्वसाधारणपणे जिंकते. जास्तीत जास्त ६६ चाली लागतात. शतकभराच्या पुस्तकांपेक्षा यंत्राचे उत्तर वेगळे आले, म्हणून ते चुकीचे ठरले नाही.

न दिसणारा दोष

सर्वांत चिवट दोष एका चालीत दिसतच नाहीत. इंजिन केवळ थोडे कमकुवत होते. त्याच्या बळात दहा एलो गुणांची घट झाली, तर समान प्रतिस्पर्ध्याविरुद्ध त्याची गुणांची टक्केवारी पन्नासावरून साधारण साडेअठ्ठेचाळीसवर येते. शंभर डावांत हा फरक निव्वळ योगायोगात हरवून जातो. खात्री करायला हजारो डाव खेळवावे लागतात. २००८ मध्ये सुरू झालेल्या 'स्टॉकफिश' या मुक्त इंजिनासाठी २०१३ पासून हे काम 'फिशटेस्ट' या व्यवस्थेद्वारे होते. जगभरचे स्वयंसेवक आपले संगणक त्यासाठी देतात आणि प्रत्येक प्रस्तावित बदल हजारो डावांच्या कसोटीतून जातो. याखेरीज ठरावीक स्थितींवर इंजिनाने एकूण किती स्थिती तपासल्या, तो आकडा सहीसारखा नोंदवला जातो. खेळावर परिणाम होणार नाही, असे सांगून केलेल्या बदलाने हा आकडा बदलला, तर कोठेतरी काहीतरी बिनसले आहे, हे लगेच ध्यानात येते.

२०२० मध्ये स्टॉकफिशने स्थितीच्या मूल्यमापनासाठी न्यूरल नेटवर्कचा स्वीकार केला आणि तपासाचे स्वरूप आणखी बदलले. पूर्वी मूल्यमापनाचा प्रत्येक नियम माणसाने लिहिलेला असे. तो वाचून चूक दाखवता येत असे. आता निर्णय असंख्य आकड्यांत विखुरलेला असतो. अमुक ओळीत दोष आहे, असे बोट ठेवणे तेथे शक्य होत नाही. मोजणी, पुनर्घडण आणि आकडेवारी यांचे महत्त्व त्यामुळे अधिकच वाढले आहे.

नोंदवहीचे मोल

दुसऱ्या डावानंतर कास्पारोव्ह यांनी यंत्राच्या विचारप्रक्रियेची नोंद मागितली होती. माणसाने हस्तक्षेप केल्याचा त्यांचा संशय होता. पत्रकार परिषदेत त्यांनी १९८६ च्या विश्वचषकातील मॅराडोनाच्या 'देवाच्या हाता'चा दाखलाही दिला. आयबीएमने त्या वेळी नोंदी दिल्या नाहीत. लढत संपल्यानंतर त्या प्रसिद्ध केल्या. २०१७ च्या 'डीप थिंकिंग' या पुस्तकात कास्पारोव्ह यांनी या लढतीकडे नव्या नजरेने पाहिले आणि डीप ब्लूच्या चमूविषयीची आपली पूर्वीची कठोर मते बरीच सौम्य केली. मधल्या काळात एका श्रेष्ठ खेळाडूचा विश्वास आणि एका कर्तबगार चमूची प्रतिष्ठा, दोन्ही संशयाच्या छायेत राहिली. नोंदी वेळीच खुल्या झाल्या असत्या तर संशय इतका चिघळला नसता.

आज कोणत्याही मोबाइलवरील इंजिन जगज्जेत्यालाही हरवू शकते. घरोघरी मुले त्याच्या निर्णयाला अंतिम शब्द मानून सराव करतात. अशा वेळी यंत्राची एखादी चाल अनाकलनीय वाटली, तर तिच्यापुढे मान तुकवणे आणि तिला बिघाड म्हणून झटकून टाकणे, हे दोन्ही मार्ग सारखेच घाईचे आहेत. तीच स्थिती इंजिनाला पुन्हा द्यावी, वेळ वाढवून पाहावा, दुसऱ्या इंजिनाचे मत घ्यावे, आणि टोरांटोत काइसाला विचारला गेला तो प्रश्न विचारावा: ही चाल केली नसती तर काय झाले असते? बहुतेक वेळा उत्तर पटावरच मिळते. जेथे मिळत नाही, तेथे खऱ्या तपासाला सुरुवात होते.